पाडलेलं पत्र

निवेदकाला निवेदक म्हणावं असं त्याच्याकडे आता काही उरलं नव्हतं. गेली सव्वीस वर्षं तो पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीवर बसत होता. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ येतं, कोपऱ्यावर नळी फुटली आहे, मीटर उलटा फिरतो, असल्या तक्रारी ऐकायच्या, वहीत उतरवायच्या आणि पलीकडच्या माणसाला सांगायचं, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." हे एवढंच वाक्य तो अशा भारदस्त आवाजात म्हणे की अर्धी तक्रार तिथेच विरघळून जाई. फिटर मात्र चार-चार दिवस फिरकत नसे. खात्यातले लोक म्हणत, "निवेदक खिडकीवर आहे तोवर आपल्याला मरण नाही."

हे नाव पडलं ते त्याआधीच्या अकरा वर्षांमुळे. तेव्हा तो एका लहानशा रेडिओ केंद्रावर निवेदक होता. दुमजली इमारत, भिंतींना जाड कापड ठोकलेली खोली, फ्रिजच्या दारासारखा धप्पकन बंद होणारा दरवाजा. रोज दुपारी दीड वाजता अर्धा तास 'दुपारचं टपाल' नावाचा कार्यक्रम असे. श्रोत्यांची पत्रं वाचायची, चार शब्द आपले जोडायचे, गाणं लावायचं. मग एके दिवशी वरून आदेश आला की स्थानिक कार्यक्रम बंद, यापुढे सगळं मुख्य केंद्रावरून. त्यानं दोन वाजता नेहमीसारखं "उद्या पुन्हा भेटू" म्हटलं आणि दोन वाजून एक मिनिटानं त्याच जागी दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज सुरू झाला. श्रोत्यांचा निरोप घ्यायचा राहूनच गेला. त्याची सल त्याच्या मनात किती खोल होती हे घरात फक्त बायकोला माहीत होतं, आणि तीही ते बोलून दाखवत नसे.

निवृत्तीला चौदा महिने राहिले तेव्हा मुलीनं वाढदिवसाला मायक्रोफोन आणला.

"बाबा, पॉडकास्ट सुरू करा. आता कुणाची परवानगी लागत नाही."

"मग वेळ कोण ठरवणार?"

"कुणीच नाही. लोक त्यांना हवं तेव्हा ऐकतात."

"म्हणजे मी दीड वाजता बोललो काय नि सकाळी आठला बोललो काय, कुणाला कळणारच नाही?"

"नाही."

"मग मी दीडलाच बोलेन," निवेदक म्हणाला.

घरात शांत खोली नव्हती. रस्त्यावरच्या गाड्या, वरच्या मजल्यावरची शिवणयंत्राची खडखड, पाण्याची मोटार. मुलीनं शोधून काढलं की कपड्यांनी गच्च भरलेल्या कपाटात आवाज चांगला येतो. तेव्हापासून दर रविवारी दुपारी निवेदक इस्त्रीचा सदरा घालून, केस विंचरून, खुर्ची ओढून कपाटात तोंड घालून बसू लागला. पाठीवर गोधडी. बायको दारातून बघून म्हणाली, "सदतीस वर्षं संसार केला, पण माझ्या साड्यांशी इतकं गोड बोलताना पहिल्यांदाच ऐकलं."

"हळू बोल, रेकॉर्ड होतंय."

"होऊ दे. साड्यांनाही कळू दे."

कार्यक्रमाचं नाव त्यानं तेच ठेवलं. पहिल्या भागानंतर तो तीन दिवस कुणाशी नीट बोलला नाही, इतका आनंद झाला होता. आवाज अजून होता. वाक्याच्या शेवटी खाली उतरून अलगद थांबायची ती जुनी लकब, तीही तशीच होती. खिडकीवर बसून सव्वीस वर्षं जी झाकून ठेवली ती वस्तू गंजली नव्हती.

फक्त पत्रं येत नव्हती. मुलीनं एक ईमेलचा पत्ता दिला होता, एक फोन नंबर दिला होता. त्यावर लोक बोलूनही निरोप ठेवू शकत. सहा भागांत आले ते निरोप मेहुण्याचे, साडूचे आणि खात्यातल्या एका कारकुनाचे. कारकुनानं विचारलं होतं, 'आमच्या गल्लीतला फिटर कधी येणार?'

त्यापेक्षा वाईट गोष्ट पुढेच होती. मुलीनं एका संध्याकाळी संगणकावर एक आलेख दाखवला. डावीकडे उंच सुरू झालेली रेघ थोडी पुढे जाऊन कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती.

"हे काय?"

"लोक कुठे ऐकायचं सोडतात ते. चौथ्या मिनिटाला जातात बाबा. जवळजवळ सगळेच."

निवेदक त्या रेघेकडे बघत राहिला. अकरा वर्षं तो बोलला होता, पण कोण ऐकतंय, कोण उठून गेलं, हे त्याला कधी दिसलं नव्हतं. काचेपलीकडे सगळं जग कान देऊन बसलं आहे असंच धरून चालायचं असतं, त्याशिवाय तोंडातून शब्द निघत नाही. आता जग चौथ्या मिनिटाला उठून जाताना त्याला दिसत होतं. पुढच्या रविवारी बोलताना त्याचं लक्ष घड्याळाच्या काट्याकडे होतं. चौथं मिनिट आलं आणि तो वाक्याच्या मध्येच अडखळला.

त्याच आठवड्यात त्यानं पत्र पाडलं.

हा शब्द केंद्रावरचा. टपालाची पिशवी रिकामी असली तरी कार्यक्रम रिकामा जाता कामा नये. मग निवेदकानंच बसून चार पत्रं लिहायची, त्याला पत्र पाडणं म्हणत. सगळेच पाडत. त्याला हे शिकवलं ते केंद्रावरच्या सर्वांत जुन्या निवेदकानं, ज्यांना सगळे 'थोरले' म्हणत. थोरल्यांचे नियम कडक होते. पाडलेल्या पत्रात गाण्याची फर्माईश चालेल, कौतुक चालेल, वेळ बदला अशी कुरकुर चालेल. पण कुणी आजारी पडायचं नाही, कुणी मरायचं नाही. "आणि कुणाला हरवायचं नाही," थोरले चष्मा कपाळावर सरकवून सांगत. "हरवलंस तर सापडवून कोण देणार? तू?"

निवेदकाला हे चांगलं आठवत होतं. पण फर्माईशीच्या पत्रानं चौथं मिनिट ओलांडलं जात नाही, हेही त्याला कळत होतं. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत, खिडकीवर 'बंद' ची पाटी लावून, त्यानं खात्याच्या पॅडवर लिहायला घेतलं. पहिल्यांदा काकाचं लिहिलं, ते खोडलं. मग भाऊ केला. पत्र लिहिणारी बहीण. भाऊ वडिलांशी भांडून घर सोडून गेलेला, पन्नासेक वर्षांपूर्वी. भांडण कशावरून ते लिहिलं नाही. शेवटच्या ओळी त्याच्या हातून सरसर उतरल्या:

'तो उशिरा यायचा म्हणून मी मागच्या दाराची कडी काढून ठेवायचे. तो गेला त्या दिवशीही मी ती काढून ठेवली होती. पुढे कितीतरी वर्षं काढून ठेवत होते. घर विकलं त्या दिवशी मात्र मीच ती आतून लावली. दादा, कडी लावली म्हणून रागावू नकोस.'

खाली नाव घालायची वेळ आली तेव्हा त्याचा हात अडला. खोटं नाव, खोटं गाव लिहायचं त्याच्या जिवावर आलं. नाव न घातल्यानं खोटेपणा तेवढाच कमी होतो, असं त्याच्या मनानं घेतलं आणि त्यानं लिहिलं, 'एक बहीण'. नाव घातलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. पण माणसाला आपला प्रामाणिकपणा भलत्याच जागी आठवतो.

त्या रविवारी आलेखातली रेघ चौथ्या मिनिटावरून सरळ पुढे गेली. मुलीनं घरभर उड्या मारल्या. "बाबा, शेवटपर्यंत! लोक शेवटपर्यंत थांबलेत! कोण आहे हो ही बाई?"

"नाव दिलेलं नाही," निवेदक म्हणाला. हे तरी खरं होतं.

आठ दिवसांनी फोनवर एक निरोप आला. बोलणारा म्हातारा होता, थांबत थांबत बोलत होता. "साहेब, नमस्कार. मी कारखान्यात टर्नर होतो, आता वृद्धाश्रमात असतो. तुमचा कार्यक्रम इथल्या सिस्टरनं लावला होता. ते पत्र माझ्या बहिणीचं आहे. मागच्या दाराची कडी तीच काढून ठेवायची. मी एकवीस वर्षांचा होतो, ती पंधराची. मी नऊ वर्षांनी एकदा परत गेलो होतो साहेब, पण घरात दुसरीच माणसं होती. तिला सांगा, मी रागावलेलो नाही. आणि मला तिचा पत्ता द्या." शेवटी, "बस, एवढंच."

निवेदकानं निरोप दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा बायको मागे उभी होती.

"कोण ते?"

त्यानं सगळं सांगितलं. सदतीस वर्षांत तिनं त्याला पुष्कळ बोल लावले होते, पण आता ती नुसती पलंगाच्या कडेवर बसली. त्याला तेच जड गेलं.

"अगं, मागच्या दाराची कडी कुठल्या घरात नसते?" तो म्हणाला. "घर सोडून गेलेल्या शंभर जणांना विचार, नव्वदांची बहीण कडी काढून ठेवत असेल."

"म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

"म्हणून तर त्या नव्वदांपैकी एकानं फोन केला. आजच्या आज फोन करा आणि सांगा त्यांना."

"काय सांगू? पत्र मी पाडलं म्हणून?"

"मग काय मी पाडलं?"

त्यानं फोन केला. पण टर्नरचा आवाज कानावर पडला मात्र, निवेदक म्हणाला, "पत्रावर पत्ता नव्हता हो." हेही खरंच होतं, आणि हेच त्याला नडलं. टर्नर म्हणाला, "असू दे साहेब. ती तुमचा कार्यक्रम ऐकते ना? मग माझा निरोपच तुम्ही तिला ऐकवा." निवेदक 'बघतो' म्हणाला. त्याच्या तोंडून 'नाही' निघालं नाही. पुढे तो स्वतःला पुष्कळदा विचारत असे की तेव्हा 'नाही' का निघालं नाही. म्हाताऱ्याची दया आली म्हणून, हे एक उत्तर होतं. दुसरं उत्तर आलेखात होतं आणि ते तो स्वतःशीही मोठ्यानं म्हणत नसे.

त्यानं टर्नरचा निरोप रविवारच्या भागात लावला.

मग गोष्ट त्याच्या हातात राहिली नाही. अकरा श्रोत्यांचे नऊ हजार झाले. लोक तो निरोप एकमेकांना पाठवू लागले. पाण्याच्या खिडकीवर तक्रार घेऊन आलेली बाई त्याचा आवाज ओळखून म्हणाली, "बहिणीचं उत्तर आलं का हो?" आणि तक्रार न नोंदवताच गेली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा दिला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मुलगी ऑफिसात 'निवेदकाची मुलगी' झाली. खरी पत्रं येऊ लागली, ढिगानं. आपापल्या हरवलेल्या माणसांची. निवेदकाला ती उघडवत नसत.

दर रविवारी लोक विचारत, बहीण का बोलत नाही? मग काही उत्साही मंडळींनी तिचा शोध सुरू केला. कुणीतरी एका भाजीवाल्या म्हातारीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'हीच ती.' चार जण तिच्या घरी जाऊन धडकले. ती बिचारी रडकुंडीला आली. तिला भाऊच नव्हता.

फोटो निवेदकानंही बघितला. त्यानं रविवारची वाट पाहिली नाही. बुधवारी संध्याकाळी खात्यातून आला, सदरा न बदलता कपाटासमोर बसला.

"आता काय?" बायकोनं विचारलं.

"सांगून टाकतो."

"त्यांना आधी सांगा. प्रत्यक्ष जाऊन."

"मला माणसासमोर जमत नाही गं," तो म्हणाला. "माइकसमोर जमतं."

तो साडेतीन मिनिटं बोलला. 'ते पत्र मी लिहिलं होतं. अशी बहीण नाही. कुणीही कुणाचा शोध घेऊ नये. चूक संपूर्ण माझी आहे.' आवाज कुठे कापला नाही. नंतर स्वतः ऐकताना त्याला त्याचीच चीड आली. बोलणं इतकं नीटनेटकं झालं होतं की कबुलीही निवेदनासारखी वाटत होती.

लोकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. लबाड म्हणाले, थेरडा म्हणाले. नऊ हजारांतले बहुतेक आले तसे निघून गेले. मुलगी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला तरी सांगायचंत." तो "हो" म्हणाला. एवढ्यावर ते मिटलं, म्हणजे तसं दोघांनी धरून चालायचं ठरवलं. त्याला वाईट वाटत होतं, पण हलकंही वाटत होतं. जे व्हायचं ते झालं आणि संपलं, असं त्याला वाटलं.

सोमवारी सकाळी खिडकीवर असतानाच फोन आला. टर्नर.

"साहेब, तुमचे उपकार कसे फेडू?"

"अहो, तुम्ही ऐकलंत का? मी बुधवारी..."

"ऐकलं तर! सिस्टरनं दोनदा लावून दाखवलं. लोक तिच्या दारात जाऊन उभे राहिले असते. त्या भाजीवालीचं काय केलं बघितलंत ना? तुम्ही सगळ्या जगाच्या शिव्या स्वतःवर घेतल्यात, पण माझ्या बहिणीची अब्रू राखलीत. असं आजकाल कोण करतं?"

खिडकीपलीकडे सात माणसं रांगेत होती. पहिला माणूस काचेवर नाणं वाजवत होता. "अहो, तसं नाही," निवेदक म्हणाला. "खरंच तशी कुणी..."

"कळलं साहेब. फोनवर नको. कुणी ऐकत असेल." आणि टर्नरनं फोन ठेवला.

तेव्हा त्याला कळलं की जायला हवं. गुरुवारी त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पिशवीत ते पॅड घेतलं, ज्यावर पत्र पाडलं होतं, खाडाखोडीसकट. डोळ्यांनी बघितल्यावर तरी पटेल.

वृद्धाश्रम म्हणजे एका जुन्या शाळेची इमारत होती. लांब ओसरी, ओळीनं प्लास्टिकच्या खुर्च्या, फरशी पुसल्याचा औषधी वास. सिस्टर तरुण होती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यानं आपलं नाव सांगताच ती उजळली.

"तुम्हीच का ते? आवाजावरून उंच वाटता."

"मला त्यांना समजावून सांगायचं आहे. ते पत्र खरंच मी..."

"मला ठाऊक आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "मी सांगून बघितलं. ऐकत नाहीत. पण काका, एक सांगू? मागचं सबंध वर्ष दोन घासांवर ताट सरकवायचे. आता पूर्ण जेवतात. दाढी करतात. तुम्ही जे काय सांगाल ते जरा बघून सांगा." तिनं त्याला आत सोडलं आणि किल्ल्या वाजवत निघून गेली. निवेदकानं पिशवीतलं पॅड चाचपून पाहिलं.

खोलीत तीन खाटा होत्या. खिडकीजवळच्या खाटेवर टर्नर बसला होता. बारीक चणीचा, गुळगुळीत दाढी केलेला. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर नव्हतं. त्यानं खुर्ची पुढे केली, ती डगमगते का बघितलं, पायाखाली कागदाची घडी सारली, पुन्हा हलवून बघितलं आणि मग म्हणाला, "बसा. आता हलणार नाही."

निवेदक बसला. पाठ केलेली वाक्यं त्यानं म्हटली. मी रेडिओवर होतो, तिथे पत्रं पाडायची पद्धत होती, श्रोते टिकत नव्हते म्हणून मी हे पत्र पाडलं. कपाटासमोर जो आवाज निघाला होता तो इथे निघाला नाही. मध्येच अडखळत होता, शब्द खात होता. टर्नर मान हलवत सगळं ऐकत होता. कारखान्यात नवीन साहेबाचं ऐकून घ्यावं तसं.

"हे बघा," निवेदकानं पॅड काढलं. "माझं अक्षर. आधी काका लिहिलं होतं, ते खोडून भाऊ केलं. इथे खिडकी होती, तिची कडी केली. बघा ना."

टर्नरनं चष्मा लावला. कागद उजेडाकडे धरला, तिरका केला. खोडलेल्या प्रत्येक शब्दावरून अर्धं बोट फिरवलं. निवेदकाला वाटलं, आता पटतंय.

"अक्षर सुरेख आहे हो तुमचं," टर्नर म्हणाला. "तिनं फोनवर सांगितलं आणि तुम्ही उतरवून घेतलंत, असंच ना? सांगताना माणूस शब्द बदलतोच. त्यातून पन्नास वर्षांचं सांगायचं म्हणजे."

"अहो, नाही! कुणी सांगितलं नाही. मीच रचलं. शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसात बसून."

"तिनं तुम्हाला शपथ घातली असणार," टर्नर शांतपणे म्हणाला. "तशीच आहे ती. लहानपणी माझी एक गोष्ट तिनं वडिलांना सांगितली नाही, मार खाल्ला पण सांगितली नाही. मी तुम्हाला भरीला घालत नाही साहेब. शब्द दिलात तर पाळा. मला फक्त एवढंच कळलं की ती आहे आणि तिला माझा राग नाही. पुष्कळ झालं."

"मी शब्द दिलेला नाही!" निवेदकाचा आवाज चढला. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा कूस बदलून बघू लागला. "बरं, असं करा, तुमच्या बहिणीचं नाव सांगा मला. गाव सांगा. मी शोधतो. खरोखर शोधतो. पाहिजे तर नोकरीवरून रजा काढतो."

टर्नर हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं मनगटानं पुसलं. "ज्याच्याकडे पत्ता तोच नाव विचारतोय! परीक्षा घेता होय माझी? तिनं सांगितलं असेल, बघा बरं, दादाला माझं नाव तरी आठवतंय का. नाही सांगणार जा. तिला पक्कं ठाऊक आहे मला आठवतंय."

"नाव सांगा हो," निवेदक म्हणाला. आता तो विनवत होता. "एकदाच सांगा."

"उं हूं."

सिस्टरच्या कपाटातल्या नोंदीत नाव असेल, असं निवेदकाच्या मनात आलं. जाताना त्यानं विचारलंही. तिनं रजिस्टर उघडून दाखवलं: नातेवाईक या रकान्यात आडवी रेघ होती. भरती होतानाच टर्नरनं सांगितलं होतं, कुणी नाही म्हणून.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा गेला, आणि त्याच्या पुढच्याही. पटवून द्यायला म्हणूनच जात होता. दर वेळी नव्यानं सुरुवात करी, दर वेळी टर्नर मान हलवी आणि म्हणे, "बरं, नाही तर नाही. चहा घ्या." हळूहळू निवेदकाचं वाक्य लहान होत गेलं. आधी सगळी हकिगत सांगे, मग नुसतं "ते पत्र खोटं आहे हो" म्हणे, मग नुसतं "खरंच सांगतो" एवढंच. चौथ्या गुरुवारी ते म्हणायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. टर्नर यंत्राबद्दल काहीतरी सांगत होता आणि तो ऐकत बसला. ओसरीत आल्यावर आठवलं. परत आत जाऊन सांगावं असं वाटलं, पण सांगून काय होणार हे त्याला माहीत होतं.

कपाटाचं दार आता बंद असतं. मुलीनं एकदा विचारलं, "पुन्हा सुरू करायचं का बाबा? खरी पत्रं आहेत की ढीगभर." तो म्हणाला, "बघू." बायकोनं मायक्रोफोन धूळ बसू नये म्हणून कापडात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला. गुरुवारी तो घराबाहेर पडताना ती विचारते, "सांगितलंत?" तो सांगतो, "सांगून झालंय." ती पुढे विचारत नाही.

परवाच्या गुरुवारी टर्नरची तब्येत ठीक नव्हती. अंगावर पांघरूण होतं, आवाज खोल गेला होता. तरी दाढी केलेली होती. त्यानं उशीखालून पेन काढून निवेदकाच्या हातात दिलं.

"माझा हात कापतो. तुम्ही लिहून घ्या. तिला पाठवा. कसं पाठवायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी विचारत नाही."

निवेदकानं पेनाकडे बघितलं. "अहो, मी कुठे पाठवू? मला खरोखरच..." त्यानं वाक्य अर्ध्यावर सोडलं. टर्नर त्याच्याकडे बघतच नव्हता. डोळे मिटून शब्द जुळवत होता; ओठ हलत होते. निवेदकानं पिशवीतून ते पॅड काढलं.

"लिहा. 'तुझा निरोप मिळाला. माझी तब्येत चांगली आहे.' चांगलीच लिहा. 'इथे जेवण वेळेवर मिळतं. कडीचं मनाला लावून घेऊ नकोस. घर विकलं म्हणजे कडी लावायचीच असते.' लिहिलंत?"

"हो."

"पुढे लिहा. 'मी एकदा येऊन गेलो होतो. मागच्या दारापर्यंत गेलो होतो.' हे तिला माहीत नसेल. हे नीट लिहा साहेब."

"थांबा," निवेदक म्हणाला. त्यानं पॅड गुडघ्यावर सरळ केलं. "मागच्या दारापर्यंत... हं. पुढे?"